आर्थिक जागतिकीकरण व राज्याची अधिमान्यता : श्रीलंका

शासनाची आज्ञा केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर ती न्याय्य व बंधनकारक आहे असे मानून नागरिक जेव्हा पाळतात, तेव्हा त्या राज्यसंस्थेला अधिमान्यता आहे असे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहतींतून जी राष्ट्रे स्वतंत्र झाली, त्यांची अधिमान्यता परंपरेतून वा दीर्घकालीन घटनात्मक सवयीतून आलेली नव्हती. स्वातंत्र्यप्राप्तीचे पुण्य आणि लोककल्याणाचे आश्वासन हे तिचे दोन प्रमुख आधार होते. त्यांपैकी पहिला साधारणतः एका पिढीत झिजतो. दुसरा टिकवावयाचा, तर राज्याच्या तिजोरीत पैसा असावा लागतो; आणि हा पैसा बहुतेक वसाहतोत्तर देशांत एक-दोन कच्च्या मालांच्या निर्यातीतून येत असे. त्या मालांचे भाव लंडन वा न्यूयॉर्क येथील बाजारात ठरत. अशा रीतीने नागरिकांचा राज्यावरील विश्वास हा काही अंशी परदेशी लिलावगृहातील बोलीवर अवलंबून राहिला. वस्तू, भांडवल, श्रम आणि कर्ज यांच्या राष्ट्रसीमांपलीकडील वाढत्या संचारास आर्थिक जागतिकीकरण म्हणतात. ही संज्ञा १९८० नंतर रूढ झाली असली, तरी मळे व खाणी यांवर उभ्या असलेल्या वसाहतींना तिचा अनुभव त्यापूर्वी शंभर वर्षे येत होता.

या अवलंबित्वाचे परिणाम निरनिराळ्या देशांत निरनिराळे झाले. झांबियात तांब्याचे भाव १९७५ पासून घसरत गेले. अनुदानकपातीच्या धोरणानुसार मक्याच्या पिठाची किंमत वाढविताच जून १९९० मध्ये तेथे दंगली उसळल्या आणि पुढील वर्षी केनेथ काउंडा यांची सत्तावीस वर्षांची राजवट निवडणुकीने संपली. आयव्हरी कोस्टमध्ये कोको पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना मिळणारा हमीभाव १९८९ मध्ये निम्म्यावर आणण्यात आला. नंतरच्या दशकात देशाचे अस्सल रहिवासी कोण आणि उपरे कोण, हा वाद तेथील राजकारणाच्या केंद्रस्थानी आला व २००२ मध्ये यादवी युद्ध पेटले. धक्का दोन्हीकडे सारख्याच जातीचा होता. परंतु एका देशात सरकार बदलले, तर दुसऱ्यात देश दुभंगला. तेव्हा बाजारभावाची घसरण आणि रक्तपात यांत सरळ कार्यकारणसंबंध जोडता येत नाही. कल्याणाचा आधार हातचा निसटू लागल्यावर राज्यकर्ते कोणत्या दुसऱ्या आधाराकडे वळतात, यावर पुढचे बरेचसे ठरते. ही प्रक्रिया श्रीलंकेच्या इतिहासात इतर बहुतेक देशांपेक्षा अधिक सलगपणे पाहावयास मिळते. (या देशाचे १९७२ पर्यंतचे अधिकृत नाव सिलोन असे होते, प्रस्तुत नोंदीत सर्वत्र श्रीलंका हेच नाव वापरले आहे.)

मळ्यांची अर्थव्यवस्था : सु. १८३० नंतर मध्य श्रीलंकेच्या डोंगराळ मुलखात ब्रिटिशांनी कॉफीचे मळे उभारले. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा रोग दिसून आला आणि पुढील वीस वर्षांत ते पीक जवळजवळ नामशेष झाले. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ मध्येच चहाची लागवड करून पाहिली होती. कॉफीची जागा चहाने घेतली, सखल भागात रबराची भर पडली आणि किनारी प्रदेशात नारळ होताच. मळ्यांवर राबण्यासाठी मद्रास इलाख्यातून तमिळ मजूर आणले गेले. जाफना व पूर्व किनारा येथे शतकानुशतके राहणाऱ्या श्रीलंकी तमिळांहून हा समाज वेगळा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास चहा, रबर व नारळ या तीन पदार्थांचा एकूण निर्यातीतील वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता आणि लोकांना लागणाऱ्या तांदळाचा मोठा भाग बाहेरून, मुख्यतः ब्रह्मदेशातून, आणला जाई.

या अर्थव्यवस्थेवर जी राज्यव्यवस्था उभी राहिली, ती मात्र वसाहतींत अपवादात्मक होती. १९३१ च्या डोनोमोर संविधानाने बेटावर सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आला. खुद्द ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. मतदारांपुढे जावयाचे तर काही द्यावे लागते, हे तेथील राजकारण्यांना स्वातंत्र्यापूर्वीच उमगले होते. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर तांदळाची आवक खुंटली आणि सरकारने शिधापद्धती सुरू केली. १९४५ मध्ये बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत झाले. युद्ध संपले, तरी शिधा संपला नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये सत्तांतर झाले, तेव्हा सामान्य नागरिकाला राज्याचे दर्शन प्रामुख्याने शाळा, दवाखाना आणि दर आठवड्याचे तांदळाचे माप या तीन रूपांत घडत होते. चहा-रबरावरील निर्यातकर व मळ्यांचा प्राप्तिकर हा या खर्चाचा मोठा आधार होता.

तांदळाचा शिधा व १९५३ चा हरताळ : कोरियन युद्धामुळे १९५०–५१ मध्ये रबराचे भाव कडाडले आणि सरकारची चंगळ झाली. वर्ष-दीड वर्षातच चक्र फिरले. रबर उतरले आणि तांदूळ महागला. बाहेरून चढ्या भावाने आणलेला तांदूळ शिधापत्रिकेवर मापाला (सु. दोन पौंड) २५ सेंट या दराने देताना तिजोरीवर असह्य बोजा पडू लागला. डिसेंबर १९५२ मध्ये सरकारने चीनशी पाच वर्षांचा करार करून दरसाल ५०,००० टन रबराच्या मोबदल्यात २,७०,००० टन तांदूळ मिळविण्याची व्यवस्था केली. कट्टर साम्यवादविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारने अमेरिकेचा रोष पत्करून, तिच्या मदतीवर पाणी सोडून हा करार केला, यावरून तांदळाचे राजकीय मोल ध्यानात येते.

तरीही तूट भरून निघेना. जुलै १९५३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री जे. आर्. जयवर्धने यांनी शिध्याच्या तांदळाचा दर २५ सेंटांवरून ७० सेंटांवर नेला. शाळकरी मुलांचे मोफत दुपारचे खाणे बंद झाले, रेल्वेचे भाडे व टपालाचे दरही वाढले. शिध्याच्या जुन्या दराच्या आश्वासनावर निवडणूक जिंकून सरकारला जेमतेम वर्ष झाले होते. डाव्या पक्षांनी १२ ऑगस्ट १९५३ रोजी देशव्यापी बंदची हाक दिली. तिच्यासाठी वापरलेला ‘हरताळ’ हा शब्द भारतीय राष्ट्रीय चळवळीतून तेथे गेलेला आहे. नैर्ऋत्य किनाऱ्यावर लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले, रस्ते अडविले, तारा तोडल्या. पोलिसांच्या गोळीबारात सु. दहा माणसे मृत्युमुखी पडली. मंत्रिमंडळाने आपली बैठक कोलंबो बंदरात नांगरलेल्या ‘न्यूफाउंडलंड’ या ब्रिटिश युद्धनौकेवर घेतली. स्वतंत्र होऊन साडेपाच वर्षे झालेल्या राष्ट्राच्या मंत्र्यांना आपल्याच नागरिकांपासून सुरक्षित राहण्यासाठी जुन्या राज्यकर्त्यांच्या जहाजाचा आश्रय घ्यावा लागला, ही घटना कोणत्याही आकडेवारीपेक्षा बोलकी आहे. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान डडली सेनानायके यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या सर जॉन कोटलावला यांनी तांदळाचा दर खाली आणला.

या उठावाचे एक वैशिष्ट्य नंतरच्या घटनांच्या प्रकाशात विशेष ठरते. त्याला दक्षिणेतील सिंहली गावांप्रमाणेच उत्तरेतील तमिळ भागातूनही प्रतिसाद मिळाला. राज्याने दिलेला शब्द मोडला, ही तक्रार दोघांचीही होती आणि ती भाषेच्या वा धर्माच्या परिभाषेत मांडली गेली नव्हती.

नागरिकत्व व भाषा : मात्र शिध्याच्या या राज्यात सर्वांना जागा नव्हती. १९४८ चा नागरिकत्वाचा कायदा आणि पुढील वर्षाचा मताधिकारविषयक कायदा यांमुळे मळ्यांवरील भारतीय वंशाचे बहुसंख्य तमिळ, म्हणजे लोकसंख्येचा सु. दशांशाहून अधिक भाग, नागरिकत्वाला व मताला मुकले. ज्यांच्या श्रमातून निर्यात होई आणि निर्यातीतून शिधा चाले, तेच राज्याच्या हिशेबात परके ठरले. १९६४ च्या सिरिमाओ–शास्त्री करारान्वये या समाजातील सव्वापाच लाख लोकांना भारताने व तीन लाखांना श्रीलंकेने स्वीकारावयाचे ठरले, उरलेल्या दीड लाखांची वाटणी १९७४ मध्ये झाली आणि राज्यहीनांचा प्रश्न कायद्याने पुरता सुटण्यास २००३ साल उजाडावे लागले.

१९५६ मध्ये एस्. डब्ल्यू. आर्. डी. बंदरनायके यांनी सिंहली हीच एकमेव राजभाषा करण्याच्या घोषणेवर सत्ता मिळविली व लागलीच तसा कायदा केला. हा निर्णय आर्थिक धक्क्यातून उद्‌भवला असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. १९५४–५५ मध्ये चहाला चांगला भाव होता व तिजोरी सावरलेली होती. इंग्रजी शिकलेल्या अल्पसंख्य वर्गाच्या हाती गेलेल्या सरकारी नोकऱ्यांबद्दल सिंहलीभाषक शिक्षक, वैद्य व भिक्षू यांच्या मनात खदखदणारा असंतोष हे त्याचे मूळ होते. पण भाषेच्या कायद्याने राज्यकर्त्यांना एक नवे साधन मिळाले. तांदूळ परकीय चलनात विकत घ्यावा लागतो. बहुसंख्याकांना राज्य आपले वाटावे म्हणून भाषेला वा धर्माला अग्रस्थान देण्यास परकीय चलन लागत नाही. तमिळ नेते एस्. जे. व्ही. चेल्वनायकम यांच्याशी १९५७ मध्ये केलेला समझोता बंदरनायके यांना भिक्षूंच्या दडपणाखाली मोडावा लागला, १९५८ मध्ये पहिली मोठी वांशिक दंगल झाली आणि १९५९ मध्ये एका भिक्षूनेच त्यांची हत्या केली.

घटती मिळकत : १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चहाचे भाव खऱ्या अर्थाने उतरत गेले. आफ्रिकेतील नवे उत्पादक बाजारात आले होते. आयात मालाचे भाव चढे, निर्यातीचे उतरते आणि लोकसंख्या वाढती, अशा कात्रीत सापडलेल्या सरकारने प्रथम आयातीवर निर्बंध घातले, नंतर १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे दार ठोठावले. १९६६ च्या अखेरीस डडली सेनानायके यांनी आठवड्याचा शिधा दोन मापांवरून एका मापावर आणला, पण ते एक माप फुकट दिले. १९५३ ची आठवण त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? तरीही १९७० च्या निवडणुकीत सिरिमाओ बंदरनायके यांनी दुसरे माप परत देण्याचे वचन दिले व प्रचंड बहुमत मिळविले.

वचन पाळण्याची ऐपत नव्हती. मोफत शिक्षण घेतलेली, सिंहली माध्यमातून पदवीपर्यंत पोहोचलेली आणि नोकरी नसलेली एक पिढी तोवर खेडोपाडी तयार झाली होती. एप्रिल १९७१ मध्ये रोहण विजेवीर यांच्या जनता विमुक्ती पेरमुना या संघटनेने सशस्त्र उठाव करून एका रात्रीत अनेक पोलीस ठाण्यांवर हल्ले चढविले. उठाव काही आठवड्यांत चिरडला गेला व त्यात हजारो तरुण मारले गेले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे : राज्याविरुद्धचे पहिले सशस्त्र बंड ज्यांच्या नावाने राज्य चालविले जात होते, त्या सिंहली बौद्ध समाजातील तरुणांचे होते.

उत्तरादाखल सरकारने केलेल्या उपायांत मळ्यांचे राष्ट्रीयीकरण (१९७२ व १९७५) हा एक होता. दुसरा, अधिक दूरगामी, विद्यापीठ-प्रवेशाचा. परीक्षेतील गुण माध्यमानुसार आणि पुढे जिल्ह्यांनुसार ‘प्रमाणित’ करण्याच्या पद्धतीमुळे तमिळ विद्यार्थ्यांना वैद्यक व अभियांत्रिकी शाखांत प्रवेश मिळणे अवघड झाले. १९७२ च्या संविधानाने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. वाटावयास थोडे उरले असता ते कोणाला द्यावयाचे, याचा निर्णय अशा रीतीने ओळखीवर होऊ लागला. १९७३ मधील खनिज तेलाची दरवाढ आणि त्याच सुमारास जगभर झालेली धान्यटंचाई यांनी परिस्थिती आणखी बिघडली. तांदळाच्या वाहतुकीवर निर्बंध आले, पावासाठी रांगा लागल्या. १९७४ मध्ये मळ्यांवरील मृत्युमान एकाएकी वाढले. १९७३ च्या पाहणीनुसार काम करू शकणाऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. याच काळातील एक विपरीत योगायोग असा, की मिरची व कांदा यांच्या आयातीवरील बंदीमुळे जाफन्याच्या तमिळ शेतकऱ्यांना चार बरे दिवस आले. विद्यापीठाचे दार बंद झालेल्या अनेक तरुणांना शेतीने काही काळ धरून ठेवले.

खुली अर्थव्यवस्था : जुलै १९७७ च्या निवडणुकीत जयवर्धने यांच्या संयुक्त राष्ट्रीय पक्षाने १६८ पैकी १४० जागा जिंकल्या. शिध्याचा दर वाढवून १९५३ मध्ये हात पोळून घेतलेला हाच अर्थमंत्री आता सर्वाधिकारी झाला होता. नोव्हेंबरमध्ये रुपयाचे मोठे अवमूल्यन झाले, आयातीवरील बंधने उठली, परदेशी भांडवलाचे स्वागत सुरू झाले. पुढील वर्षी कटुनायके येथे मुक्त व्यापार क्षेत्र निघाले. दक्षिण आशियातील इतर देशांनी हा मार्ग सर्वसाधारणपणे १९९० नंतर धरला. १९७८ मध्ये शिधा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपुरता मर्यादित झाला व सप्टेंबर १९७९ मध्ये त्याच्या जागी ठरावीक रकमेच्या अन्नमुद्रा आल्या. त्यांची दर्शनी किंमत स्थिर राहिली व महागाई वाढत गेली, त्यामुळे कोणताही दर न वाढविता अनुदान आपोआप वितळले. १९५३ चा धडा जयवर्धने यांनी अशा प्रकारे गिरविला होता.

आर्थिक दृष्ट्या प्रारंभीचे यश निर्विवाद होते. वाढीचा दर सरासरी सहा टक्क्यांच्या घरात गेला, बेकारी चार-पाच वर्षांत निम्म्यावर आली. महावेली नदीवरील तीस वर्षांची धरणयोजना सहा वर्षांत पुरी करण्यासाठी ब्रिटन, स्वीडन, प. जर्मनी व कॅनडा यांनी एकेक धरण उचलले. परकीय साहाय्याच्या या ओघाने राज्याचा आकार मुळीच घटला नाही. नियंत्रणे गेली, पण कंत्राटे, धरणाखालच्या जमिनी व सरकारी नोकऱ्या यांचे वाटप राज्यकर्त्या पक्षाच्या हाती एकवटले. उत्तर व पूर्व भागांच्या वाट्यास त्यातले फारसे आले नाही. उलट, नव्या वसाहतींमुळे आपल्या प्रदेशातील लोकसंख्येचे प्रमाण पालटेल ही तमिळांची जुनी भीती बळावली. जाफन्यातील मिरची-कांद्याची शेती आयात खुली होताच बसली. तमिळ संयुक्त मुक्ती आघाडीने १९७६ मध्ये स्वतंत्र राज्याचा ठराव केला होता. १९७७ नंतर तिच्या सनदशीर नेत्यांना मागे सारून शस्त्रे हाती घेणारे तरुण पुढे आले, त्यांत शेतीने आता धरून न ठेवलेल्यांची भर पडली असल्यास नवल नाही.

दक्षिणेतही झळ सारखी बसली नाही. समाजशास्त्रज्ञ न्यूटन गुणसिंह यांनी १९८० च्या दशकात मांडलेले विवेचन या संदर्भात मार्मिक आहे. नियंत्रित अर्थव्यवस्थेत परवाने व कोटे राजकीय ओळखीने मिळत; त्यांचा लाभ मुख्यतः सिंहली लघुउद्योजकांना व विणकरांना झाला होता. आयात खुली झाल्यावर हे संरक्षण गेले आणि पुष्कळ माग थंडावले. तमिळ व मुस्लिम व्यापाऱ्यांना राजाश्रय पूर्वीही फारसा नव्हता. त्यामुळे खुल्या बाजारात त्यांचे नुकसान कमी झाले, काहींची भरभराट झाली. बाजाराने ज्यांना बुडविले त्यांना कोलंबोच्या पेठेतील तमिळ दुकानाची पाटी समोर दिसत होती. नाणेनिधी दिसत नव्हता. हे विवेचन सर्वच प्रदेशांना लागू पडते असे नाही, तथापि राग कोठून आला व कोणाकडे वळला, याचा उलगडा त्यातून होतो.

असंतोषाला वाट देणारी संसदीय साधने याच काळात एकामागून एक आवळली गेली. १९७८ च्या संविधानाने सर्व सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे आली. १९७९ मध्ये दहशतवाद-प्रतिबंधक कायदा झाला. १९८० मध्ये महागाई सव्वीस टक्क्यांवर गेली असता जुलैमध्ये सार्वत्रिक संप झाला, सु. चाळीस हजार संपकऱ्यांना नोकरीवरून काढून टाकून तो मोडण्यात आला व त्यात सत्ताधारी पक्षाशी संलग्न कामगार संघटनेच्या टोळ्या वापरल्या गेल्या. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. डिसेंबर १९८२ मध्ये निवडणूक न घेता सार्वमताद्वारे संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढविण्यात आली. २३ जुलै १९८३ रोजी जाफन्याजवळ तमिळ वाघांच्या हल्ल्यात तेरा सैनिक ठार झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कोलंबोत तमिळांची घरे, दुकाने व कारखाने यांची जाळपोळ सुरू झाली. दंगलखोरांच्या हातांत मतदारयाद्या होत्या. संप मोडणाऱ्या टोळ्यांचाही तीत हात होता, असे अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. मृतांचा आकडा सरकारी हिशेबाने चारशेच्या आत, इतरांच्या अंदाजाने तीन हजारांपर्यंत जातो. १९५३ मधील जमावाने रूळ उखडले होते, ते राज्याचे होते. १९८३ मधील जमावाने शेजाऱ्याचे घर जाळले.

युद्धकाळ : पुढील सव्वीस वर्षांच्या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ऐंशी हजार ते एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. १९८७–८९ मध्ये दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुनाचे दुसरे बंड झाले व तेही अतिशय निर्घृणपणे मोडण्यात आले. जागतिक बाजारपेठेशी संबंध मात्र या काळात तुटला नाही, उलट वाढला. कापडावरील आंतरराष्ट्रीय कोटापद्धतीमुळे पूर्व आशियातील उद्योजक श्रीलंकेत आले आणि तयार कपड्यांनी निर्यातीत चहाला मागे टाकले. या कारखान्यांत प्रामुख्याने खेड्यांतील तरुण स्त्रिया काम करीत. आखाती देशांत घरकामास गेलेल्या स्त्रिया पैसा धाडू लागल्या. घरच्या तरुण पुरुषाला सैन्यात जागा होती : १९८३ मध्ये सु. बारा हजार असलेले सैन्यबळ युद्धाच्या अखेरीस दोन लाखांवर गेले. शिध्याची जागा अनेक सिंहली खेड्यांत सैनिकाच्या पगाराने घेतली. दुसऱ्या बाजूस लंडन, टोराँटो आदी शहरांतील परागंदा तमिळांची वर्गणी वाघांना मिळत होती. एकाच जागतिक अर्थव्यवस्थेतून दोन्ही पक्षांना रसद पोहोचत होती.

फेब्रुवारी २००२ मध्ये शस्त्रसंधी झाली, तिच्यामागे आर्थिक निकड होती; आदल्या वर्षी कटुनायके विमानतळावरील हल्ल्यानंतर अर्थव्यवस्था आक्रसली होती. जून २००३ मध्ये टोकिओ परिषदेत देणगीदार देशांनी साडेचार अब्ज डॉलरचे साहाय्य घोषित केले. शांतता व आर्थिक सुधारणा एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या, ही चूक घातक ठरली. खतांवरील अनुदान व सरकारी नोकरभरती यांवर कात्री चालताच सिंहली खेड्यांत शांततेच्या वाटाघाटीही अप्रिय झाल्या. वाघांनी टोकिओ परिषदेवर बहिष्कार घातला होता, तर २००४ च्या निवडणुकीत दोन्ही गोष्टींना विरोध करणाऱ्या पेरमुनाला ३९ जागा मिळाल्या. मे २००९ मध्ये सैनिकी विजयाने युद्ध संपले. अखेरच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये नमूद केले.

कर्ज व २०२२ चे आंदोलन : विजयाने महिंद राजपक्ष यांच्या राजवटीस मिळालेली अधिमान्यता मोठी होती, परंतु ती सिंहली भागापुरती होती. युरोपीय संघाने ऑगस्ट २०१० मध्ये मानवी हक्कांच्या कारणावरून श्रीलंकेची करसवलत काढून घेतली. त्याची झळ कापड कारखान्यांतील स्त्रियांना बसली, सरकारला विशेष बसली नाही. सवलत मे २०१७ मध्ये परत मिळाली. मध्यम उत्पन्नाच्या गटात गेल्यामुळे सवलतीच्या दराची कर्जे कमी झाली होती. २००७ मध्ये सरकारने प्रथमच आंतरराष्ट्रीय बाजारात ५० कोटी डॉलरचे सार्वभौम रोखे विकले व त्यानंतर हा क्रम थांबला नाही. चिनी कर्जाने बांधलेले व २०१७ मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेले हंबनतोटा बंदर सर्वतोमुखी झाले. तथापि परकीय कर्जाचा सर्वांत मोठा वाटा चीनचा नव्हता, तो रोखेधारकांचा होता. नकाशावर बोट ठेवून बंदर दाखविता येते, रोखेबाजार दाखविता येत नाही.

एप्रिल २०१९ मधील ईस्टरच्या बाँबस्फोटांनंतर गोताबाय राजपक्ष प्रामुख्याने सिंहली मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. डिसेंबरमध्ये मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला गेला. लगोलग आलेल्या कोविड साथीने पर्यटन बंद पडले. मे २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक थांबविल्याने भाताचे व चहाचे पीक घटले. मार्च २०२२ मध्ये रुपया कोसळला आणि इंधन, औषधे व स्वयंपाकाचा वायू यांसाठी रांगा लागल्या. १२ एप्रिल रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. स्वातंत्र्योत्तर काळातील ही पहिलीच वेळ होती. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तीन महिने चाललेल्या आंदोलनात (सिंहली भाषेत ‘अरगलय’, म्हणजे लढा) सिंहली, तमिळ व मुस्लिम असे तिन्ही समाज होते. १८ मे रोजी तेथे युद्धात मेलेल्या तमिळ नागरिकांचे स्मरण करण्यात आले. ९ जुलै रोजी लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. १३ जुलै रोजी गोताबाय विमानाने मालदीवला गेले व दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंगापूरहून राजीनामा पाठविला. विजयी सेनापतींच्या राजवटीला तिचे सैन्य वाचवू शकले नाही. मात्र उत्तरेतील प्रतिसाद सावध होता. युद्धकाळात इंधनबंदी व टंचाई यांत वर्षानुवर्षे राहिलेल्या तमिळांना या रांगांत नवे असे काही दिसत नव्हते.

मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सु. तीन अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर केले. त्याबरोबर करवाढ व वीजदरवाढ आली. सप्टेंबर २०२४ मध्ये जनता विमुक्ती पेरमुनाचे नेते अनुर कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने संसदेच्या २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. १९७१ व १९८७ मध्ये राज्याविरुद्ध शस्त्र उचललेल्या या पक्षाच्या आघाडीला जाफना जिल्ह्यातही सहापैकी तीन जागा मिळाल्या. एखाद्या दक्षिणी पक्षाला तेथे असे यश पूर्वी कधी मिळाले नव्हते. नव्या सरकारने नाणेनिधीशी झालेला करार पुढे चालू ठेवला. इतर राष्ट्रांशी झालेल्या कर्जपुनर्रचनेनुसार मुद्दलाची परतफेड २०२८ पासून पुन्हा सुरू व्हावयाची आहे.